एकही गोल न मारलेला चॅम्पियन

आमच्या कचेरीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुमचाही एखादा अर्ज तिथे पडलेला निघायचा आणि तुम्ही माझ्या घरी यायचे. बुलडाणा जिल्ह्यातली तालुक्याची कचेरी, एवढं पुरे. मी तिथे आस्थापनेत होतो. कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, चौकश्या माझ्याकडे. माणसं कमी, म्हणून शेतरस्त्याच्या वादाचे अर्जही माझ्याच गळ्यात. आणि दाराशेजारच्या आवक-जावकच्या टेबलावर तो बसायचा. कचेरीत येणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून आत यायचा.

बसायचा हे आपलं म्हणायला. सहा फूट पाच इंचाचा माणूस सरकारी खुर्चीत बसला की गुडघे टेबलाला टेकतात आणि टेबल उचललं जातं. म्हणून तो उभाच असे. उजव्या गुडघ्यातून वाळलं लाकूड मोडल्यासारखा आवाज यायचा, अंगाला कायम मालिशच्या तेलाचा वास. रेकॉर्ड रूममधल्या सगळ्यात वरच्या फळीवरची दप्तरं तो स्टूल न घेता काढायचा. त्यामुळे "दप्तर वर आहे, स्टूल मोडलंय, पुढच्या आठवड्यात या" हे आमचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं उत्तर त्याने एका दिवसात निकामी केलं. आम्ही त्याला टॉवर म्हणायचो. तोंडावरच म्हणायचो. तो "ओ" द्यायचा.

त्याला नोकरी खेळाडूंच्या राखीव जागेतून मिळालेली. कबड्डी म्हणाल, तर नाही. कुस्ती, व्हॉलीबॉल, तेही नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉल! आता आमच्या जिल्ह्यात ऑस्ट्रेलिया म्हणजे टीव्हीवर क्रिकेट जिंकून जाणारे लोक, एवढीच ओळख. पहिल्याच दिवशी आमचा म्हातारा शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणत, त्याने विचारलं, "साहेब, फुटबॉल तं मले ठाऊक हाये. त्याच्यात ऑस्ट्रेलियन काय असते?"

त्याने ड्रॉवर उघडलं. इतरांच्या ड्रॉवरमध्ये तंबाखू, डबा आणि दाबून ठेवलेले कागद असतात. त्याच्या ड्रॉवरमध्ये चेंडू होता. लाल, आणि पपईसारखा लांबोडका.

"मैदान अंड्यासारखं," तो सांगू लागला. "दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोनातून चेंडू गेला तर सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एक."

"म्हणजे नेम चुकला तरी गुण?" मी विचारलं.

"हाव भाऊ. एक गुण."

असा खेळ सरकारी खात्याशिवाय कोणाला सुचला असेल, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

त्याचं काम म्हणजे रकमनचं. मैदानाच्या मधोमध पंच चेंडू जमिनीवर आपटतो, चेंडू वर उसळतो, आणि दोन्ही संघांचा एकेक लांब माणूस त्याच्यावर झेप घेतो. हा लांब माणूस म्हणजे रकमन. त्याने चेंडू पकडायचा नसतो. हवेतच टपली मारून खाली उभ्या असलेल्या आपल्या गड्याच्या हातात घालायचा. मग तो गडी पळणार, लाथ मारणार, गोल करणार, लोक त्याला खांद्यावर घेणार. रकमन दुसऱ्याच्या गुडघ्याचा मार खाऊन तोपर्यंत मातीत पडलेला असणार.

हा माणूस असं दहा वर्षं पडला. कबड्डीत त्याला कोणी घेत नव्हतं, कारण एवढे लांब पाय म्हणजे विरोधी संघाला आमंत्रण. कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी कुठूनसा तो चेंडू आणला आणि याला म्हणाले, तू फक्त उडी मार. याने मारली. जिल्ह्यातून राज्यात गेला, राज्यातून देशात. देशातला सर्वोत्तम रकमन म्हणून दोनदा चषक. एकदा देशाच्या संघातून ऑस्ट्रेलियालाही जाऊन आला. तिथलं काय आवडलं, असं विचारलं तर म्हणाला, "दारं. वाकावं लागत नाही. अन्‌ तिथं मी मध्यम उंचीचा होतो, भाऊ. कोणी वळून पाह्यलंच नाही. लय बरं वाटलं."

"गोल किती मारले?"

"एकबी नाही."

"दहा वर्षांत?"

"रकमनचं ते कामच नाही ना."

हे तो लाजून नाही, छाती काढून सांगायचा. मी मनात नोंद करून ठेवली.

आता माझ्याबद्दल दोन शब्द. मी पदवीधर आहे. आमच्या घराण्यातला पहिला. हे मुद्दाम सांगतो, कारण विचारायला कोणी येत नाही. मोताळ्याकडच्या आमच्या गावात माझा बाप भाजीची पाटी घेऊन बाजारात बसायचा. मी पाटीमागे बसून पुस्तकं वाचली, बी.ए. झालो, तेही पहिल्या फटक्यात, आणि तीन वेळा परीक्षा देऊन या खुर्चीवर आलो. अशा माणसाला, कोणीतरी उड्या मारून शेजारच्या खुर्चीवर आलेला कसा आवडावा? मी सरळ बोलणारा आहे. नव्हता आवडला.

त्यात त्याची ती खोड. मैदानावरची सवय त्याने कचेरीत आणली. टपाल आलं की तो उभ्या उभ्या लिफाफा फोडायचा, शिक्का, नंबर, नोंद, आणि मान वर करून बघायचा की कोण कुठे आहे. आणि कागद त्या माणसाच्या हातात. टेबलावर नाही, हातात. चहाला गेलेल्याला टपरीवर गाठून, पोच घेऊन. मला एकदा त्याने हात धुताना गाठलं.

"ओल्या हातात काऊन देतो बे?" मी ओरडलो.

"मंग दोन मिनिटं थांबतो, भाऊ. पुसा." आणि थांबला!

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आमच्या खेळात चेंडू धरून ठेवला अन्‌ पकडला गेला, की शिट्टी वाजते." आमच्या खात्यात धरून ठेवला की माणूस अनुभवी ठरतो, हे त्याला कोण सांगणार?

लोकांनाही याचा त्रास व्हायला लागला. एका म्हाताऱ्याचा शेतरस्त्याचा अर्ज सकाळी आला, दुपारी त्याला सुनावणीची तारीख मिळाली. दुसऱ्या दिवशी म्हातारा घाबऱ्याघुबऱ्या हजर. "साहेब, इतक्या लवकर? नामंजूर करून राह्यले का? कोण्या साहेबाले राग आला का माया?" त्याला समजावता समजावता आमचा अर्धा दिवस गेला. उशीर केला असता तर म्हातारा निर्धास्त घरी झोपला असता.

खेळाचं वेड त्याने सोडलेलं नव्हतं. त्याचं गाव देऊळगाव राजाकडे. सुट्टीच्या दिवशी तो गावातल्या पोरांना हा खेळ शिकवायचा. त्यासाठी काकाच्या पडीक रानात त्याने मैदान आखायला घेतलं. दोन खुंट्या, एक लांब दोर, आणि चुन्याची फक्की. अंड्याचा आकार असाच काढतात म्हणे. शिवाय दोन्ही टोकांना चार-चार बांबू. आता त्या भागात मोठ्या रस्त्याची मोजणी होऊन गेलेली. ज्यांच्या शेतात फळझाडं होती त्यांना मोबदला जास्त मिळाला, हे सगळ्या पंचक्रोशीने पाठ केलेलं. सरकारी नोकर दोर आणि फक्की घेऊन रानात फिरतोय म्हटल्यावर आणखी काय पुरावा पाहिजे? चार दिवसांत त्या रेषेच्या दोन्ही अंगांना डाळिंबाची रोपं उभी. रस्ता अंड्यासारखा वळून परत जागच्या जागी कसा येतो, असं एकानेही विचारलं नाही. सरकारचा रस्ता आहे, येईल जागच्या जागी. पहिली रोपं काकानेच लावली होती, तीही ऐन मैदानाच्या मधोमध. काका म्हणाला, "लेका, घरच्या माणसाला आधी सांगायचं ना!" पुढे वर्षभर पोरं डाळिंबं चुकवत खेळली. तो म्हणाला, बरंच झालं, वळायला शिकली.

तर मुख्य गोष्ट. एका सोमवारी त्याने माझ्या हातात एकामागून एक सतरा प्रकरणं घातली. आमचे साहेब, म्हणजे कचेरीचे मुख्य, हिशेबी माणूस. त्यांनी आवकची वही बघितली आणि शुक्रवारी मला नोटीस दिली. सतराही प्रकरणं तुमच्याकडे कोणत्या दिवशी आली याची पोच आहे, पुढे का गेली नाहीत, कारणे दाखवा. माझ्या नोकरीतली पहिली नोटीस. ती माझ्या हातात आणून कोणी दिली असेल, हे सांगायला नको.

मी तक्रार लिहिली. आमच्याकडे तक्रार निनावी लिहायची रीत आहे. 'एक जागरूक नागरिक' या नावाने जिल्हाभर इतके अर्ज फिरतात की त्या गृहस्थाला खरं तर पेन्शन लागू व्हायला हवी. पण मी लपून काही करत नाही. मी लिहिलं, सदर कर्मचाऱ्याने ज्या खेळाच्या प्रमाणपत्रावर नोकरी मिळवली तो खेळ या जिल्ह्यात कोणी पाहिलेला नाही. सदर कर्मचाऱ्याने दहा वर्षांत एकही गोल केलेला नाही, हे तो स्वतः कबूल करतो. तरी प्रमाणपत्राची फेरपडताळणी व्हावी. ओळख पटावी म्हणून त्याची उंचीही घातली. खाली माझं पूर्ण नाव, सही, आणि सहीखाली बी.ए.

लिफाफ्यावर साहेबांचा हुद्दा घातला आणि पोस्टात टाकला. पोस्टातून कागद कचेरीत येतो तो कोणाच्या टेबलावर, हे बी.ए.च्या लक्षात राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो माझ्यापुढे उभा. हातात माझा अर्ज. त्यावर शिक्का, नंबर, तारीख, सगळं झालेलं. फाडला असता तर कोणाला कळलं असतं? दाबला असता तरी वर्षभर चाललं असतं. आमच्याकडे त्याची सोय आहे.

"भाऊ, तुमी उंची सहा फूट चार लिहिली. पाच आहे. दुरुस्ती करून सही मारा. नाहीतर तेवढ्यावरून परत येईल तुमचा अर्ज."

मी दुरुस्ती केली. त्याने शाई वाळू दिली आणि तसाच साहेबांच्या खोलीत गेला. आत जाताना वाकायला विसरला. चौकट कपाळाला लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

प्रमाणपत्र खोटं ठरलं तर नोकरी जाणार होती. पुन्हा लागायचं वय निघून गेलेलं. घरी बायको, दोन लेकरं आणि अर्धा एकर वांगी. हे सगळं मला माहीत होतं. आस्थापनेची सगळी कागदपत्रं माझ्याकडेच असतात.

पडताळणीला वरून एक अधिकारी आले. बुटके, शिस्तीचे, बगलेत छापील फॉर्म. माझ्या समोरच त्याची चौकशी सुरू झाली.

"केलेले गोल?"

"शून्य."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "गोलरक्षक होतात का?"

"या खेळात गोलरक्षक नसतो, साहेब."

"मग गोल अडवतं कोण?"

"सगळेच."

"आणि मारतं कोण?"

"ज्याच्या हातात मी चेंडू देतो तो."

"आणि तुम्ही?"

"मी देतो."

अधिकाऱ्यांनी फॉर्म उलटसुलट बघितला. 'देतो' असा रकाना त्यात नव्हता. गोलाचा होता, धावांचा होता, पदकांचा होता. चषक दाखवले तर म्हणाले, चषक बाजारात मिळतात. शेवटी वैतागून म्हणाले, "खेळून दाखवा."

"एकट्यानं नाही होत, साहेब. वर माझ्यासंगं उडी मारणारा एक पाहिजे, अन्‌ खाली झेलणारा एक."

अधिकाऱ्यांचा ड्रायव्हर व्हॉलीबॉल खेळलेला, उंच गडी. तो विरुद्ध बाजूचा झाला. चेंडू आपटायला मामा. आणि झेलणारा?

"तक्रारदारच घ्या," तो म्हणाला. "म्हणजे आमची मिलीभगत होती, असं कोणी म्हणणार नाही."

कचेरीच्या मागे जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॅक्टरांची रांग असते. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आम्ही उभे राहिलो. खिडक्यांत सगळी कचेरी. त्या दिवशी एकही कर्मचारी जागेवर नव्हता, म्हणजे त्या बाबतीत नेहमीसारखाच दिवस. अधिकाऱ्यांनी नियम घातला, "पाच वेळा. तक्रारदार त्याच्या मर्जीने कुठेही उभा राहील. चेंडू दरवेळी त्याच्याकडे गेला पाहिजे. एकदा चुकला तरी मी नापास लिहीन."

मामाने चेंडू आपटला. दोघं उडाले. मी समोर उभा होतो. चेंडू ताटात पोळी वाढावी तसा माझ्या हातात आला.

दुसऱ्यांदा मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. त्याने मान वळवली नाही. चेंडू खांद्यावरून मागे आला, हातात. तिसऱ्यांदा ट्रॉलीच्या चाकाला चिकटून उभा राहिलो. तिथेही आला. चौथ्यांदा मी मुद्दाम ड्रायव्हरच्या पाठीशी आडोशाला गेलो. हवेत दोघांचे गुडघे एकमेकांवर आपटले, हा वेडावाकडा खाली आला, आणि चेंडू ड्रायव्हरच्या काखेखालून माझ्या पोटाशी.

"आयला," ड्रायव्हर म्हणाला.

तो उठला. गुडघा धरून दोन पावलं लंगडला. एकदा मान फिरवून मी कुठे आहे ते बघितलं, टपाल हातात घेतल्यावर बघायचा तसंच. मी पार मागच्या ट्रॉलीच्या पलीकडे, अधिकाऱ्यांना दिसणार नाही अशा जागी जाऊन उभा होतो. खिडकीतून माझे मित्र खुणा करत होते. चेंडू सोड, सोड. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

चेंडू आपटल्याचा आवाज आला. मग ट्रॉलीच्या वरून तो लाल चेंडू आला, सरळ माझ्या छातीवर बसला, आणि खाली वाळूत पडला.

"काय झालं?" पलीकडून अधिकारी. "चेंडू पडला का?"

मामा ट्रॉलीला वळसा घालून आले. त्यांनी चेंडू बघितला, मग माझे हात बघितले. तोही आला, लंगडत. मागोमाग अधिकारी आले, फॉर्मवर पेन टेकवून.

"आला नाही ना?"

एक 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. पण मी सरळ बोलणारा आहे, ही माझी कीर्ती मीच गावभर पसरवलेली. आणि छातीवर चेंडूच्या मातीचा गोल डाग होता, शर्ट पांढरा.

"आला साहेब. छातीवर आला. मीच हात मागं बांधले होते."

"काऊन बे?" मामा एकदम म्हणाले. वीस वर्षांच्या नोकरीत मामांनी मला 'बे' म्हटल्याची ती पहिली वेळ.

तो मात्र चेंडू पुसत म्हणाला, "भाऊ, हात समोर ठेवत जा. छातीला लागतं."

अधिकाऱ्यांना पंचनामा कसा लिहायचा ते कळेना. टपली, झेप, हे सरकारी भाषेत बसवायचं कसं? शेवटी माझ्याकडे कागद सरकवला, "तुम्ही पदवीधर आहात ना, लिहा." मी लिहिला. पाचपैकी पाच. 'तक्रारदाराने पाचव्या वेळी हात मागे बांधलेले असूनही' हे वाक्यही मीच लिहिलं, आणि सही केली. बी.ए. या वेळी लिहिलं नाही.

निर्णय वरून यायचा होता. तीन आठवड्यांनी पाकीट आलं, गोपनीय, साहेबांच्या नावे. त्याने ते फोडलं नाही. शिक्का, नंबर, नोंद, आणि साहेबांच्या हातात. साहेब बैठकीला निघाले होते, त्यांनी पाकीट ट्रेमध्ये टाकलं. तिथे ते पडलं. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. साहेब दौऱ्यावर, साहेब बैठकीत, साहेब फोनवर. तो विचारायला गेला नाही. "दिलं की आपलं काम संपलं," म्हणाला. पण त्या चार दिवसांत मी त्याला पहिल्यांदा खुर्चीवर बसलेलं बघितलं. टेबल गुडघ्यांवर उचललेलं, आणि तो तसाच दाराकडे बघत.

पाचव्या दिवशी मी साहेबांच्या खोलीत गेलो.

"साहेब, ते पाकीट."

"तुम्हाला कसली घाई? तक्रारदार तुम्हीच ना?"

"म्हणूनच, साहेब."

साहेबांनी फोडलं, वाचलं, कोपऱ्यात 'आस्थापना' लिहून माझ्याकडे दिलं. मी ते माझ्या टेबलाकडे नेलं नाही. सरळ दारापाशी गेलो आणि त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं. प्रमाणपत्र वैध. पुन्हा वाचलं. मग उभा राहिला, गुडघा मोडल्यासारखा वाजला, वही ओढून त्याने नोंद केली आणि कागद परत माझ्याच हातात दिला.

"आता काय?" मी विचारलं.

"शेवटची ओळ वाचा, भाऊ. निर्णय तक्रारदाराला लेखी कळवावा. ते काम आस्थापनेचं."

मी टेबलावर बसून मला पत्र लिहिलं. आपण केलेल्या तक्रारीत कोणतेही तथ्य आढळून आले नाही. याबाबत आपले काही म्हणणे असल्यास सात दिवसांच्या आत सादर करावे. पाठवणारा म्हणून सही केली. त्याने जावक नंबर टाकला, मग आवक नंबर टाकला आणि पत्र मला दिलं. मिळालं म्हणून मी पुन्हा सही केली.

सात दिवस थांबलो नाही. काही म्हणणे नाही, असं त्याच दुपारी लिहून दिलं.